खालच्या पूर्ण कवळीसाठी कठीण अस्तरद्रव्ये : एक तुलनात्मक विवेचन
(आंबागड परिसरातील ज्येष्ठ नागरिकांच्या संदर्भात)

सारांश :
सर्व दात गेल्यानंतर बसविलेली खालची कवळी जबड्याच्या हाडाची झीज होत गेल्याने कालांतराने सैल होते. नवी कवळी न करता जुन्याच कवळीला आतून कठीण अस्तर लावणे हा त्यावरील एक मान्य उपाय होय. प्रस्तुत लेखात अशा अस्तरद्रव्यांच्या चार प्रकारांची रासायनिक आणि व्यावहारिक तुलना केली असून, ग्रामीण रुग्णाच्या दृष्टीने कोणते द्रव्य केव्हा योग्य ठरते याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पूर्ण कवळी, कठीण अस्तर, बहुवारिक, शिल्लक मोनोमर, हाडाची झीज.

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत वसलेले आंबागड हे गाव गोंड राजवटीच्या काळातील किल्ल्यामुळे परिचित आहे. धान हे या भागाचे मुख्य पीक असून धान निघाल्यावर बांध्यांमध्ये लाखोळी घेतली जाते. भात दात नसलेल्या माणसालाही गिळता येतो. म्हणूनच कवळी सैल झाल्याची तक्रार येथील घरांत बराच काळ कोणी मनावर घेत नाही. शेंगदाणे, फुटाणे, पेरू, कोशिंबीर असे पदार्थ ताटातून एकेक करून नाहीसे होतात आणि शेवटी कवळी रुमालात बांधून फळीवर ठेवली जाते.

प्रस्तुत लेखकाच्या आत्याबाईंच्या बाबतीत हेच घडले. त्यांच्या खालच्या कवळीला एका बैठकीत अस्तर लावून देण्यात आले. त्या दिवशी कवळी घट्ट बसली. परंतु काही महिन्यांतच अस्तराची कड सुटली, तिच्या फटीत अन्न अडकू लागले आणि दुर्गंधी येऊ लागली. हे अस्तर तात्पुरते आहे, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दोष द्रव्याचा की निवडीचा, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या अध्यापकास तेथूनच पडला. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

खालचीच कवळी अधिक सैल का होते?
वरच्या कवळीला टाळूचा विस्तृत आधार मिळतो आणि लाळेच्या पातळ थरामुळे ती चिकटून राहते. खालची कवळी घोड्याच्या नालेच्या आकाराची व अरुंद असते. तिच्या आत जीभ व बाहेर गाल आणि ओठ सतत हालचाल करीत असतात. दंतशास्त्राच्या पाठ्यग्रंथांत वरच्या कवळीचे आधारक्षेत्र सुमारे २३ चौरस सेंटिमीटर, तर खालच्या कवळीचे सुमारे १२ चौरस सेंटिमीटर दिले जाते. म्हणजे चावण्याचा भार जवळजवळ निम्म्या जागेवर पडतो.

त्यात हाडाची झीज भर घालते. दात गेल्यावर त्यांना धरून ठेवणारा हाडाचा कंगोरा हळूहळू खचत जातो. ॲन्टे टॅलग्रेन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, २५ वर्षांच्या निरीक्षणांवर आधारित अभ्यासात खालच्या जबड्याच्या पुढील भागाची उंची वरच्या जबड्याच्या तुलनेत सुमारे चौपट घटल्याचे दिसून आले. कवळीचा आकार तोच राहतो, खालचे हाड मात्र बदलते. या दोहोंमधील पोकळी भरून काढणे हेच अस्तराचे कार्य होय.

कठीण अस्तरद्रव्यांचे प्रकार :
कवळीचा गुलाबी आधार बहुधा पॉलिमिथिल मेथाक्रिलेट या ॲक्रिलिक बहुवारिकाचा असतो. त्याची भुकटी आणि मिथिल मेथाक्रिलेट हे द्रवरूप मोनोमर एकत्र कालवले की कणकेसारखा गोळा तयार होतो आणि मोनोमरचे रेणू साखळीने जोडले जाऊन तो कठीण होतो. ही साखळी कशाने सुरू होते व किती पूर्ण होते, यावर अस्तराचे बहुतेक गुणदोष अवलंबून असतात.

१) उष्णतेने घट्ट होणारे ॲक्रिलिक : रुग्णाच्या कवळीतच हिरड्यांचा ठसा घेऊन ती प्रयोगशाळेत पाठविली जाते. साच्यात भरलेले द्रव्य पाण्यात तापविले असता बेंझॉइल पेरॉक्साइडचे विघटन होऊन साखळी सुरू होते. सुमारे ७४ अंश सेल्सियसला ८ तास ही प्रचलित पद्धत आहे. मोनोमरचा उत्कलनबिंदू १०० अंशांच्या जवळ असल्याने घाईने उकळल्यास द्रव्यात छिद्रे पडतात. या प्रकारात शिल्लक मोनोमर सर्वांत कमी राहते आणि जुना आधार व नवे अस्तर एकाच कुळातील असल्याने जोड भक्कम होतो. मर्यादा दोन : जुनी कवळी पुन्हा तापल्याने किंचित वाकण्याचा संभव असतो आणि रुग्णास एक-दोन दिवस कवळीविना राहावे लागते.

२) प्रयोगशाळेत वापरले जाणारे स्वयंघट्ट ॲक्रिलिक : येथे उष्णतेचे काम तृतीयक अमाइन हे रसायन करते. दाबपात्रात कोमट पाण्याखाली ठेवल्यास छिद्रे कमी होतात, कवळी फारशी वाकत नाही आणि सकाळी घेतलेल्या ठशावरून त्याच दिवशी काम पूर्ण होऊ शकते. परंतु साखळी तितकी पूर्ण होत नाही. शिल्लक मोनोमर अधिक राहते आणि अमाइनमुळे रंग पिवळसर होऊ शकतो. कवळीच्या आधारद्रव्यांविषयीच्या आयएसओ २०७९५-१ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीतही हा फरक गृहीत धरला आहे. उष्णतेने घट्ट होणाऱ्या द्रव्यासाठी वाकणबल किमान ६५ मेगापास्कल व शिल्लक मोनोमर कमाल २.२ टक्के, तर स्वयंघट्ट द्रव्यासाठी अनुक्रमे ६० मेगापास्कल व ४.५ टक्के अशा मर्यादा तेथे आहेत.

३) थेट तोंडात लावायचे द्रव्य : आरंभीच्या अशा द्रव्यांत मिथिल मेथाक्रिलेटच असे; घट्ट होताना निर्माण होणारी उष्णता व मोनोमरचा दाह यांमुळे हिरड्या पोळत. त्यानंतर पॉलिइथिल मेथाक्रिलेटची भुकटी आणि आयसोब्युटिल मेथाक्रिलेटसारखा कमी दाहक द्रव वापरात आला. 'कूलायनर' हे याचे परिचित उदाहरण. त्यात साखळ्यांना परस्परांशी बांधणारे आडवे दुवे नसल्याने ताकद कमी पडते. 'टोकुयामा रिबेस'सारख्या द्रव्यांत दोन टोकांनी जोडला जाणारा डायमेथाक्रिलेट मोनोमर असल्याने असे आडवे दुवे तयार होतात. एका बैठकीत काम होणे हा या प्रकाराचा मोठा लाभ होय. मात्र छिद्रे, डाग आणि जोड सुटणे या तक्रारी यातच अधिक आढळतात.

४) प्रकाशाने घट्ट होणारे द्रव्य : यात युरेथेन डायमेथाक्रिलेट हा घटक असून ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाने तो घट्ट होतो. मिथिल मेथाक्रिलेट नसल्याने त्याची ॲलर्जी असलेल्या रुग्णास हा पर्याय विचारात घेता येतो आणि आकार देण्यास पुरेसा वेळ मिळतो. तथापि द्रव्य तुलनेने ठिसूळ असते, जुन्या ॲक्रिलिकशी जोडण्यासाठी विशेष चिकटद्रव्य लागते आणि प्रकाशपेटीची आवश्यकता असते.

द्रव्यापेक्षा जोड महत्त्वाचा :
अस्तराला जागा करण्यासाठी जुन्या कवळीचा आतील पृष्ठभाग खरवडावा लागतो. खालची कवळी आधीच अरुंद असल्याने मजबूत द्रव्य जितके काढले जाते व त्या जागी कमकुवत द्रव्य जितके भरले जाते, तितकी संपूर्ण कवळी दुर्बल होते. म्हणून केवळ अस्तराच्या ताकदीची तुलना पुरेशी नाही. आधार आणि अस्तर मिळून कसे वागतात हे पाहिले पाहिजे.

जुन्या पृष्ठभागावर लाळ, तेलकटपणा किंवा खर्र्याचा थर राहिल्यास कोणतेही द्रव्य टिकत नाही. ताजा खरवडलेला पृष्ठभाग मोनोमरने भिजविला असता तो किंचित फुगतो, नवे रेणू आत शिरतात आणि तेथेच साखळी बनते. ॲक्रिलिकच्या दुरुस्तीत सुमारे १८० सेकंद भिजविल्याने जोडाची ताकद वाढल्याचे प्रयोगांत आढळले आहे. तीन मिनिटांची ही सबुरी अनेकदा महागड्या द्रव्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

आंबागड परिसरासाठी निवड :
अस्तरापूर्वी दोन गोष्टी तपासणे अगत्याचे आहे. हिरड्या सुजलेल्या वा जखमी असतील तर काही दिवस कवळी काढून ठेवून त्यांना विश्रांती द्यावी लागते. सुजेवर घेतलेला ठसा सूज उतरताच चुकीचा ठरतो. तसेच दात फार झिजून चाव्याची उंची घटली असेल, तर अस्तर नव्हे, नवी कवळीच हवी.

हिरड्या निरोगी आणि दात सुस्थितीत असतील, तर उष्णतेने घट्ट होणारे अस्तर ही प्रथम पसंती असावी. परंतु तुमसर तालुक्यातील वृद्धास १९६८ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जायचे, तर भंडाऱ्यापासूनच सुमारे ६० किलोमीटरचा प्रवास उरतो. शिवाय सोबत येणाऱ्याची मजुरीही बुडते. अशा रुग्णास दोन-तीन खेपा घालावयास लावणे म्हणजे बहुधा त्याला उपचारापासून दूर लोटणे होय. तेथे दाबपात्रातील स्वयंघट्ट अस्तराने एका दिवसात काम करून देणे हा व्यवहार्य मध्यममार्ग ठरतो. थेट तोंडात लावायचे अस्तर अंथरुणास खिळलेल्या वा प्रवास अशक्य असलेल्या रुग्णासाठी निश्चितच योग्य आहे; मात्र त्याची वारंवार तपासणी करावी लागेल व ते बदलावे लागेल, हे रुग्णास त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे.

निगेबाबत एवढे सांगणे पुरेसे आहे : कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी, मऊ ब्रशने घासावी, राखेने वा मिश्रीने घासू नये, उकळत्या पाण्यात टाकू नये आणि अस्तर सुटल्यास बाजारातील झटपट गोंदाने घरी चिकटवू नये.

समारोप :
वरील तुलनेतून असे दिसते की, प्रयोगशाळेत सर्वश्रेष्ठ ठरणारे द्रव्य आणि रुग्णास सर्वांत उपयोगी पडणारे द्रव्य ही नेहमीच एक नसतात. ताकद, जोड आणि शिल्लक मोनोमर या कसोट्यांवर उष्णतेने घट्ट होणारे ॲक्रिलिक आजही अग्रस्थानी आहे. अंतर, वय आणि मजुरी या कसोट्या लावल्या की क्रम बदलतो. निवड कोणतीही असो, ती किती काळासाठी आहे हे रुग्णास ठाऊक असणे हा उपचाराचाच भाग होय. आत्याबाईंच्या कवळीला पुढे दाबपात्रातील अस्तर लावण्यात आले. ते किती दिवस टिकेल आणि केव्हा तपासून घ्यायचे, हे या वेळी त्यांनी स्वतः विचारून घेतले.