नवी टाकी, मासे आणि रोजची कळशी

आपल्या वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका कांदळवन सफर चालवतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेत खेकडे, कालवं यांच्याबरोबर शोभिवंत मासेही आहेत. तेव्हापासून गटागटांत चर्चा असते, आपणही काचेची टाकी आणून बघूया का? आम्ही आणली. पहिल्या पंधरवड्यात बावीसपैकी एकोणीस मासे मेले. आज बोलणार आहोत ते त्याबद्दल.

टाकी दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. पाणी बसतं साधारण पन्नास लिटर. पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातले. विहिरीचं पाणी भरलं, पंप लावला आणि दुसऱ्याच दिवशी बावीस मॉली सोडले. पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडू लागले. आमच्यातली एक काकी म्हणाली, "गो, पाणी बदलूया, माशे घुसमटतत." पण आम्ही कुठेतरी ऐकलं होतं की नव्या टाकीचं पाणी महिनाभर हलवायचं नाही, नाहीतर चांगले जंतू वाहून जातात. आम्ही तिला गप्प केलं. ती बरोबर होती.

आता कारण समजून घेऊया. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच होतो. ओहळात तो वाहून जातो, टाकीत साठतो आणि कल्ले भाजून काढतो. जुन्या टाकीत एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लागायला रात्र लागते ना, इथे महिना-दीड महिना लागतो एवढंच.

आणि हे जिवाणू राहतात कुठे? पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून बसतात. म्हणून पाणी काढलं तरी ते जात नाहीत, जातं फक्त विष. उलट, टाकी रिकामी करून स्पंज नळाखाली खसाखसा धुतला, तर मात्र ते जातात. स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा.

मग किती बदलायचं? समजा रोज अमोनिया 0.2 ने वाढतो (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग). रोज पाव पाणी बदललं तर तो वाढत वाढत 0.8 वर येऊन थांबतो. रोज अर्धं बदललं तर 0.4 वर. काहीच बदललं नाही तर पाचव्या दिवशीच 1. तपासणीचे थेंब मासे विकणाऱ्या दुकानात मिळतात. ते पहिल्या माशाआधी घ्या. आम्ही शेवटी घेतले. आकडा 0.25 च्या वर गेला की आमच्या पन्नास लिटरच्या टाकीतून एक कळशी, म्हणजे बारा लिटर. 0.5 च्या वर गेला तर दोन कळश्या. पहिल्या दोन आठवड्यांत हे जवळजवळ रोज करावं लागतं, आणि खरं सांगायचं तर कंटाळा येतो. आम्ही पाळी लावली.

पाणी कसलं घालायचं, यात आम्ही दुसऱ्यांदा फसलो असतो. पावसाळ्यात आपल्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात. ते आपल्या पोटासाठी चांगलं, पण त्यातला क्लोरिन माशांना आणि जिवाणूंनाही मारतो. असं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवायचं, जमलं तर पंपाची नळी सोडून. घाईत असाल तर दुकानात हायपोचे खडे मिळतात. नवं पाणी टाकीच्या पाण्याएवढंच कोमट-गार असू द्या, आणि हळू ओता.

आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि थोडं आंबट असतं. आंबट पाण्यात हे जिवाणू मंदावतात. तिसऱ्यांची कवचं उकळून, धुऊन कापडी पिशवीतून फिल्टरजवळ ठेवली की पाणी सावरतं. तिसऱ्या खाल्ल्यावर कवचं फेकू नका, एवढंच.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं. मासे पुन्हा वर येतात, कल्ले तपकिरी दिसतात, कारण रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. तेव्हाही पाणी बदलायचंच, आणि लिटरला एक ग्रॅम जाडं मीठ विरघळवून. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आम्ही शिरोड्याचं वापरलं. 1930 साली ज्या मिठासाठी सत्याग्रह झाला, ते आमच्या मॉलींच्याही कामाला आलं! पाणी बदलताना फक्त घातलेल्या पाण्यापुरतंच नवं मीठ घाला, कारण मीठ उडून जात नाही. मॉली, गप्पी यांना चालतं, तळाशी वावरणाऱ्या मिशीवाल्या माशांना सोसत नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही पाचच मासे सोडले. खाणं दिवसाआड, चिमूटभर. एका ओळखीच्या जुन्या टाकीतला स्पंजचा तुकडा मागून आणला. ते विरजण सगळ्यात उपयोगी पडलं. पाचही जगले. सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, मगच आणखी चार आणले, एका वेळी दोन. ज्यांना पुढे पिल्लं काढायची असतील त्यांनी मुळद्याला कोकण कृषी विद्यापीठाचा शोभिवंत मासे प्रकल्प आहे, तिथे चौकशी करावी.

त्या काकीकडे आता टाकीची वही आहे. तारीख, अमोनिया, नायट्राइट, किती कळश्या, सगळं ती लिहिते, आणि कुणाची पाळी चुकली तर बैठकीत वाचून दाखवते. आता आठवड्याला एकच कळशी बदलतो. ते पाणी अबोलीच्या कुंड्यांना घालतो, नायट्रेट असल्याने झाडं खूश. मीठ घातलेलं असेल तेव्हा मात्र कुंड्यांत नको, माडाच्या मुळात ओता.