बदललेलं मूल आणि उशाचा विळा

भिलाईहून बोलतेय. आज एका बालकादंबरीबद्दल सांगायचं आहे, आणि त्यानिमित्ताने माझी एक चूकही.

कादंबरीचं नाव ‘द मूरचाइल्ड’. लेखिका एलॉइज मॅकग्रॉ. १९९६ साली अमेरिकेत निघाली, आणि १९९७ मध्ये तिला न्यूबेरी सन्मान मिळाला.

तिच्या मुळाशी युरोपातली एक जुनी समजूत आहे. टेकड्यांच्या पोटात राहणारी अद्भुत माणसं पाळण्यातलं बाळ पळवतात आणि जागी आपलं ठेवतात. अशा बदललेल्या मुलाला चेंजलिंग म्हणतात. ते होऊ नये म्हणून पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवत.

ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे पाचवीला सटवाई पुजतात आणि बाळंतिणीच्या उशाशी विळा नाहीतर सुरी ठेवतात. छत्तीसगडातही छठ्ठी असतेच. माझ्या नातवाच्या वेळी विळा मीच ठेवला होता. घरधनी पोलाद कारखान्यातले, लोखंडावर आमचा भारी विश्वास!

कादंबरीतली सास्की तर लोहाराच्याच घरात येते. तिला लोखंड सोसत नाही. वडिलांनी उचललं की ती किंचाळते. गाव तिच्यापासून दूर राहतं. आणि हे बाळ आपलं नाही, असा संशय सर्वांत आधी कुणाला येतो? आजीला.

तिथे मी पुस्तक मिटलं. आमचा नातू चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही. कुकरची शिटी झाली की कान झाकून रडायचा. ‘हे आपल्या घरातलं वाटतच नाही,’ असं मी पाहुण्यांसमोर बोलून गेले होते. सून काही बोलली नाही, पण तिचा चेहरा अजून आठवतो.

असल्या समजुती निरुपद्रवी नसतात. १८९५ साली आयर्लंडमधल्या टिपेररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुणीला तिच्या नवऱ्याने जाळलं. त्याचं म्हणणं, ही माझी बायको नव्हेच, बदललेली आहे. आपल्याकडे बाईला टोनही ठरवून छळतात. त्याविरुद्ध छत्तीसगडला २००५ मध्ये कायदा करावा लागला.

मॅकग्रॉबाईंचं मोठेपण असं, की गोष्ट त्या बदललेल्या मुलीच्या बाजूने सांगतात. भूत म्हणून जिला हिणवलं, तीच शेवटी मित्राला घेऊन टेकडीत शिरते आणि खरं मूल आईबापांना परत आणून देते. आजीही पुढे तिच्या बाजूने उभी राहते.

मग मीही उशिरा का होईना, सुनेची माफी मागितली. नातवाला आता स्पीच थेरपी चालू आहे. कुकर लावायच्या आधी मी त्याला सांगते, ‘बाळा, शिटी होणार हं.’ तो कान झाकतो, पण रडत नाही.

तुमच्या घरात असं मूल असेल, तर आधी त्याची बाजू ऐका. भेटू पुढच्या भागात.