‘मृत्युंजय’मधील कर्ण : योद्ध्याच्या व्यक्तिरेखेतील परिवर्तन

युद्धकथेचा नायक आरंभी जसा असतो तसाच अखेरपर्यंत राहिला, तर ती कथा पराक्रमांची जंत्री ठरते. योद्ध्याच्या ठायी घडणारा पालट कशातून प्रकट करावयाचा, हा म्हणूनच कथनाचा कळीचा प्रश्न होय. या दृष्टीने शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) ही कादंबरी विशेष अभ्यसनीय आहे. पुण्याच्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनाने ती प्रसिद्ध केली, तेव्हा सावंतांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

कादंबरीचे नऊ खंड असून प्रत्येक खंड प्रथमपुरुषी निवेदनात आहे. चार खंड कर्णाचे, तर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व श्रीकृष्ण यांचे प्रत्येकी एक. कर्ण स्वतःविषयी बोलतो, इतरही त्याच्याविषयी बोलतात. या रचनेमुळे त्याच्यातील पालट दोन अंगांनी वाचकासमोर येतो.

चंपानगरीतील बालकर्णाला पडलेला पहिला प्रश्न शरीराविषयीचा आहे. आपली कुंडले, आपली त्वचा धाकट्या शोणासारखी का नाही? हस्तिनापुरातील शस्त्राभ्यास, रंगभूमीवरील अवहेलना आणि दुर्योधनाने दिलेले अंगदेशाचे राज्य या टप्प्यांतून त्या प्रश्नाला सामाजिक रूप येते. राज्याभिषेकामुळे त्याला पद मिळते. कुळ मात्र मिळत नाही. येथपर्यंतचे परिवर्तन समजण्यास सोपे आहे आणि सावंतांनी ते काहीसे अलंकारिक, परंतु ओघवत्या भाषेत रंगविले आहे.

खरी कसोटी द्यूतसभेत लागते. द्रौपदीच्या विटंबनेला विकर्ण विरोध करतो, आणि त्याला गप्प करणारा, द्रौपदीला अपशब्द वापरणारा पुरुष कर्ण असतो. उदार, सूर्योपासक योद्धा येथवर कसा घसरला? मराठी वाचकाच्या मनात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते : स्वयंवरात द्रौपदीने ‘सूतपुत्राला वरणार नाही’ असे म्हणून केलेला अपमान. प्रचलित नीलकंठी पाठात हा प्रसंग आहे व कादंबरीची कार्यकारणसाखळीही त्यावर उभी आहे. परंतु भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये एकोणीस खंडांत पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदीचे हे उद्गार मूळ संहितेत स्वीकारलेले नाहीत. उत्तरकालीन भर म्हणून त्यांना तळटीपेत स्थान मिळाले आहे. ते वगळले, की सभेतील कर्णाच्या वर्तनाला वैयक्तिक सूडाची सबब उरत नाही. तेथे उरतो तो मित्राला खूष करण्यासाठी मर्यादा ओलांडणारा एक राजपुरुष. कादंबरीकाराला परंपरेतील कोणताही पाठ निवडण्याचे स्वातंत्र्य अर्थातच आहे. मात्र त्या निवडीने नायकाच्या दोषाचा काही भार दुसऱ्या व्यक्तिरेखेच्या माथी जातो, हे नजरेआड करता येत नाही.

द्यूतानंतरचा कर्ण अधिक अंतर्मुख आहे. इंद्राला कवचकुंडले देण्याचा प्रसंग सामान्यतः दातृत्वाचा कळस म्हणून वाचला जातो. वस्तुतः बालपणीच्या प्रश्नाचे जे एकमेव दृश्य उत्तर त्याच्या अंगावर होते, तेच तो उतरवून देतो. यानंतर श्रीकृष्ण त्याला जन्मरहस्य सांगतो. ज्याची आयुष्यभर प्रतीक्षा केली ते कुळ हाती येते. पण कर्ण पक्ष बदलत नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात तर तो हे रहस्य युधिष्ठिराला कळू देऊ नये, अशी विनंती करतो. कळल्यास युधिष्ठिर राज्य आपल्याला देईल आणि आपण ते दुर्योधनाला देऊ, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे त्याची जाण बदलते, कृती बदलत नाही. कर्णाच्या शोकांतिकेचे मर्म या विसंगतीत आहे.

आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या, व्हायकिंगकाळातील वीरांच्या सागांशी येथे तुलना करणे उद्बोधक ठरते. एगिल हा क्रूर लढवय्या व कवी. मुलगा बुडून मेल्यावर तो शेजघरात स्वतःला कोंडून अन्नत्याग करतो. मुलगी थोरगेर्द युक्तीने त्याला दूध पाजते आणि शोककाव्य रचावयास लावते. उतारवयात तो आंधळा होतो. सागाचा निवेदक त्याच्या मनात शिरत नाही. कृती, संवाद व काव्य यांतूनच पालट कळतो. सावंतांचा कर्ण याच्या अगदी उलट, आपल्या मनाची अखंड मीमांसा करतो. त्यामुळे वाचकाची सहानुभूती वाढते, परंतु क्वचित कृतीपेक्षा तिचे स्पष्टीकरण मोठे होते. वृषाली व शोण यांच्या खंडांत कर्ण बाहेरून दिसतो. परिवर्तनाचे चित्रण तेथे अधिक विश्वसनीय वाटते.

‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ही प्रकाशित झाले. कोथरूडलगतच्या हिंगण्यात स्त्रीशिक्षणाचे कार्य उभारणाऱ्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या स्नुषा. ‘मी कोण?’ हा कर्णाचा प्रश्न त्यांनाही महत्त्वाचा वाटतो. तथापि सगळा दोष दैवावर न टाकता त्या त्याच्या उणिवांचाही हिशेब मांडतात. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, लोकप्रियतेत मात्र ‘मृत्युंजय’च पुढे राहिली. मराठी मनात आज वसलेला कर्ण बव्हंशी सावंतांचा आहे.

उद्योगपर्वात कर्ण श्रीकृष्णापाशी एक कबुलीही देतो. दुर्योधनाच्या संतोषासाठी पांडवांना आपण कटू बोललो, त्याचा आता ताप होतो, असे तो म्हणतो. त्या कबुलीत द्रौपदीचे नाव नाही. आणि कादंबरीत पत्नी, भाऊ, मित्र, माता व प्रत्यक्ष श्रीकृष्ण यांना कर्णाविषयी बोलण्यासाठी एकेक खंड मिळाला असला, तरी द्रौपदीच्या वाट्याला एकही आलेला नाही.