आधार घेऊन आसने

अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गात नवशिक्याला पट्टा, लाकडी ठोकळा, लोड, खुर्ची यांचा आधार दिला जातो. या पद्धतीचे प्रवर्तक बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात योग शिकवू लागले. त्यांची संस्था १९७५मध्ये तेथेच उभी राहिली. त्रिकोणासनात हात जमिनीला पोहोचत नसेल, तर तो ठोकळ्यावर टेकवतात. त्यामुळे गुडघा वाकत नाही आणि छाती मोकळी राहते. पश्चिमोत्तानासनात तळपायांभोवती पट्टा अडकवला, की मांडीमागचे स्नायू आखडलेले असले तरी पाठीला पोक येत नाही. सुरुवात उभ्या आसनांपासून होते, कारण त्यांनी पायांत बळ येते. प्राणायाम बैठक स्थिर झाल्यावर शिकवतात. सराव रिकाम्या पोटी करून शेवटी शवासन करावे. उच्च रक्तदाब किंवा मणक्याचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.