कितींपैकी किती? विदर्भातील शेतकरी आत्महत्या आणि संभाव्यतेचे गणित

विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जेवढे आकडे छापले गेले, तेवढे महाराष्ट्रातील दुसऱ्या एखाद्या सामाजिक प्रश्नाविषयी क्वचितच छापले गेले असतील. तरीही अमुक वर्षी अमुक इतक्या आत्महत्या झाल्या, एवढ्या एका विधानातून प्रश्न वाढतो आहे की ओसरतो आहे, तो कोणत्या तालुक्यात अधिक तीव्र आहे आणि त्याच्या मुळाशी कर्ज आहे की नापिकी, यांतले काहीच निश्चित कळत नाही. ही उत्तरे मिळवायची तर मोजणीला संभाव्यताशास्त्राची, म्हणजे एखादी घटना घडण्याची शक्यता अंकांत मांडणाऱ्या गणिताची, जोड द्यावी लागते. समाजाच्या अभ्यासात या गणिताचा वापर नवा नाही. फ्रेंच गणिती प्वासाँ याने १८३७ साली प्रसिद्ध केलेला संभाव्यतेवरील ग्रंथ न्यायालयांच्या निवाड्यांविषयीच होता, आणि १८९७ साली समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात असे दाखवले की, प्रत्येक आत्महत्या ही एका व्यक्तीची शोकांतिका असली, तरी एखाद्या समाजातील आत्महत्येचा दर वर्षानुवर्षे बराचसा स्थिर राहतो आणि म्हणून त्याचा शोध त्या समाजाच्या घडणीतच घ्यावा लागतो.

दर म्हणजे एक अपूर्णांक. त्याच्या अंशस्थानी घडलेल्या घटना असतात आणि छेदस्थानी ती घटना ज्यांच्या बाबतीत घडू शकली असती अशा सर्व व्यक्ती असतात. विदर्भात पहिली अडचण अंशापासूनच सुरू होते, कारण एकाच मृत्यूची नोंद दोन वेगळ्या वाटांनी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे पोलिसांच्या नोंदींवरून तयार होतात आणि त्यांत मृताचा व्यवसाय हा एक रकाना असतो. २०१४ च्या अहवालापासून त्यात शेतकरी आणि शेतमजूर यांची स्वतंत्र विभागणी आली, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करताना सावध राहावे लागते. दुसरी वाट महसूल खात्याची. शासनाच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ ठरायचे, तर जमीन मृताच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नावावर असावी लागते आणि कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. दुसऱ्याची जमीन तोंडी बोलीवर ठोक्याने वाहणारा, नातेवाइकांकडून किंवा कृषी केंद्रातून उधारीवर बियाणे-खत आणणारा माणूस या चाळणीतून गळण्याची शक्यता मोठी असते, आणि जिने आयुष्यभर शेत राबले पण सातबाऱ्यावर जिचे नाव कधी चढलेच नाही अशा बाईच्या मृत्यूला शेतकऱ्याचा मृत्यू म्हणून ओळखच मिळणे अवघड होते. पात्र प्रकरणांची संख्या मदतवाटपासाठी उपयोगी आहे. पण ती आत्महत्यांची संख्या म्हणून वापरणे हा अभ्यासाच्या दृष्टीने दोष आहे आणि त्या कुटुंबांवर अन्यायही आहे.

छेदाकडे तर त्याहूनही कमी लक्ष जाते. समजावण्यापुरते एक कल्पित उदाहरण घेतले, तर एखाद्या तालुक्यात ५०,००० शेतकरी असताना वर्षाला १० आत्महत्या झाल्या, म्हणजे दर लाखामागे २० झाला. पुढे शेती सोडणारे वाढून शेतकऱ्यांची संख्या ३०,००० वर आली आणि आत्महत्या ९ झाल्या, तर आकडा घटला असला तरी दर लाखामागे ३० झाला, म्हणजे उरलेल्या शेतकऱ्यांवरील संकट दीडपट झाले. हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातील शक्यता कल्पित नाही, कारण जनगणनेनुसार देशातील स्वतःची किंवा ठोक्याची शेती कसणाऱ्यांची संख्या २००१ मध्ये सुमारे १२ कोटी ७३ लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे ११ कोटी ८८ लाखांवर आली. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती त्या वर्षी झाली नाही; त्यामुळे पुढच्या वर्षांसाठी मांडलेला कोणताही दर जुन्या छेदावर किंवा अंदाजी छेदावर उभा राहतो.

अंश आणि छेद दोन्ही ठीक असले तरी लहान संख्यांचा एक स्वभाव ध्यानात घ्यावाच लागतो, आणि नेमका तोच सार्वजनिक चर्चेत सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. मोठ्या लोकसंख्येत विरळ घडणाऱ्या घटना एकमेकींपासून स्वतंत्रपणे घडत असतील, तर त्यांची संख्या प्वासाँच्या नियमाने वरखाली होते. समजा, शंभर तालुक्यांत परिस्थिती अगदी सारखी आहे आणि प्रत्येकात वर्षाला सरासरी चार मृत्यू अपेक्षित आहेत. तरीही त्या वर्षी प्रत्येक तालुक्यात नेमके चार मृत्यू होणार नाहीत. गणित करून पाहिले तर सुमारे नऊ तालुक्यांत एक किंवा शून्य आणि सुमारे पाच तालुक्यांत आठ किंवा त्याहून अधिक मृत्यू केवळ योगायोगाने नोंदले जातील. ते पाच तालुके दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत दुप्पट संकटाचे तालुके म्हणून येतात, त्या नऊ तालुक्यांतील अधिकाऱ्यांचे कौतुक होते आणि पुढच्या वर्षी ही नावे बदलली की त्यासाठी नवी कारणे शोधली जातात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जिल्हानिहाय, तालुकानिहाय आकडे मांडले जातात तेव्हा एका वर्षाच्या चढउताराला किती वजन द्यायचे, हे या नियमावरून ठरवायला हवे. मात्र त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे : एकाच तालुक्यात आकडा सलग चार-पाच वर्षे आठच्या आसपास राहिला, तर तो योगायोग असण्याची शक्यता नगण्य उरते, आणि तेथे प्रशासनाला योगायोगाची सबब सांगता येत नाही.

कारणांचा शोध हा यापुढचा आणि अधिक नाजूक टप्पा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००५ साली या प्रश्नावर अहवाल दिला, आणि मुंबईच्याच इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्रा यांनी २००६ च्या अभ्यासात वर्धा, वाशिम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतील आत्महत्याग्रस्त कुटुंबांबरोबरच आत्महत्या न झालेल्या कुटुंबांचीही माहिती घेतली. या दुसऱ्या गटाला तुलना गट म्हणतात आणि त्याच्यावाचून कारणाविषयी काहीही म्हणता येत नाही. पुन्हा कल्पित आकडे घेऊन पाहता, आत्महत्याग्रस्त शंभर कुटुंबांपैकी नव्वद कर्जबाजारी आढळली, एवढ्यावरून कर्ज हे कारण ठरत नाही, कारण त्याच गावांतील इतर शंभर कुटुंबांतही नव्वद कर्जबाजारी असतील तर कर्जामुळे काहीच वेगळे घडले नाही असे म्हणावे लागेल. त्या इतर शंभरांत साठ कर्जबाजारी असतील, तर पहिल्या गटात कर्जबाजारी आणि कर्जमुक्त यांचे गुणोत्तर नऊस एक, दुसऱ्यात दीडास एक, म्हणजे कर्जाशी असलेला संबंध सहापट ठरतो. यातही पेच आहेतच. नापिकी झाली की कर्ज वाढते आणि निराशाही वाढते, म्हणून दोहोंचा परिणाम वेगळा करण्यासाठी सारखेच नुकसान सोसलेल्या कुटुंबांची आपसांत तुलना करावी लागते. शिवाय शोकात बुडालेले आणि मदतीची वाट पाहणारे घर देणे आठवून आठवून सांगते, तर शेजारचे घर अब्रूपायी ते झाकते. आणि संबंध सहापट निघाला तरी कर्जबाजारी शेतकऱ्यांपैकी फार मोठी बहुसंख्या जगण्याचीच वाट धरते, हे विसरून अमुक एका शेतकऱ्याविषयी भाकीत करणे चूक ठरते.

तुलना गटातील घरे निवडायची कशी, हा प्रश्न मग येतोच. पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर निवड सोडली, तर रस्त्याकडेची, दुपारी माणूस भेटेल अशी, बोलकी घरे जास्त येतात. म्हणून निवड यादृच्छिक, म्हणजे प्रत्येक घराला निवडले जाण्याची ठाऊक असलेली संधी देणारी, ठेवतात. शेतकऱ्यांनी ही पद्धत स्वतःच्या बांधावर पाहिलेली असते. पीक कापणी प्रयोगात कापायचा तुकडा शेतातल्या कुठल्या जागी आखायचा, हे अधिकाऱ्याची नजर ठरवत नाही. ते यादृच्छिक अंक ठरवतात. शेताच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून तेवढे अंतर लांबीकडे आणि तेवढे रुंदीकडे मोजून खुंटी ठोकली जाते, आणि तेथे पीक विरळ असो की दाट, तेच कापले, मळले आणि तोलले जाते. भारतात ही पद्धत घडवण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. फार लहान तुकडा आखला तर सीमेवरची झाडे आतच धरण्याकडे कल होतो आणि उत्पादन फुगून दिसते, हे त्यांनी १९४० च्या दशकात प्रत्यक्ष प्रयोगांनी दाखवले.

अशा निवडीचे बळ राष्ट्रीय नमुना पाहणीत दिसते, जिच्या माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या देशातील मोजक्या केंद्रांपैकी एक नागपुरात आहे. २००३ च्या पाहणीत ६,६३८ गावांतील ५१,७७० शेतकरी कुटुंबांना विचारून देशातील ४८.६ टक्के आणि महाराष्ट्रातील ५४.८ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी असल्याचा अंदाज काढला गेला. याउलट २००६ साली अमरावती विभागातील पाच जिल्हे आणि वर्धा मिळून सहा जिल्ह्यांत शासनाने १७ लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी केली. सर्वांना विचारल्यावर नमुन्याची चूक उरत नाही आणि मदत कोणत्या दारी न्यायची हेही कळते. पण विचारणारे हजारो असले की प्रश्न विचारण्याची रीत घरागणिक बदलते, आणि ती चूक कितीही घरे वाढवली तरी भरून निघत नाही.

तेव्हा शासनाने आणि वर्तमानपत्रांनी यापुढे आत्महत्यांचा आकडा देताना पात्र आणि अपात्र दोन्ही प्रकरणे एकत्र द्यावीत, छेद कोणत्या वर्षाच्या जनगणनेचा आहे ते लिहावे आणि तालुक्यासाठी एका वर्षाऐवजी पाच वर्षांची सरासरी छापावी. या तिन्ही गोष्टींसाठी लागणाऱ्या नोंदी तहसील कार्यालयांत आणि जनगणनेच्या तक्त्यांत आजही उपलब्ध आहेत.