वाद्यांची डागडुजी – भाग ९ : सेमी-हॉलो गिटारीची वायरिंग

मागच्या भागातल्या भरीव गिटारीचं काम सोपं होतं. मागचं झाकण काढलं की सगळी वायरिंग समोर. सेमी-हॉलोला बहुतेक वेळा ते झाकणच नसतं. गिब्सनने १९५८ साली ईएस-३३५ बाजारात आणली आणि पुढच्या बहुतेकांनी तिचीच रचना उचलली: मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा, दोन्ही कुशी पोकळ, वर इंग्रजी एफसारखी दोन भोकं. त्या ठोकळ्यामुळे मोठ्या आवाजातही गिटार सहसा शिट्टी मारत नाही, म्हणून ऑर्केस्ट्रावाल्यांना ती सोयीची. दुरुस्ती करणाऱ्याचे मात्र हाल, कारण पॉट, स्विच, जॅक हे सगळं त्या भोकातूनच आत-बाहेर करायचं.

तेव्हा आधी नेमकं काय बिघडलंय ते बघा. गिटार खरखरली की पोरं थेट पिकअप बदलायला निघतात. माझ्या मते तो खर्च सगळ्यात शेवटी. हंबकर पिकअपमध्ये असतं काय? चुंबक आणि तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. ती एकमेकांच्या उलट जोडलेली असतात, त्यामुळे लाइटीची घरघर आपापसात मारली जाते. झिजण्यासारखं त्यात काही नाही. बटण फिरवताना खरखर येत असेल तर पॉट बघा. आवाज येत-जात असेल तर जॅक बघा: नट सैल होतो, जॅक जागेवर फिरतो आणि आतली वायर पिळवटून तुटते.

जॅक आणि सोल्डर बारामतीत मिळून जातं. पॉटसाठी मी पुणं गाठतो. स्वारगेटला उतरून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथे अॅम्प्लिफायरचे पॉट मिळतात. हंबकरसाठी ‘५०० के, लॉग’ असं स्पष्ट सांगायचं, सहसा त्यावर ए५००के छापलेलं असतं. बी लिहिलेला लिनियर असतो. तो व्हॉल्यूमला लावला तर बराच वेळ काही फरक कळत नाही आणि शेवटी आवाज एकदम बसतो. मल्टीमीटर सोबत न्या. ५०० के छापलेला पॉट ४२० भरतो, तर शेजारचा ५४०. चांगले मोजलेले व्हॉल्यूमला ठेवा, उरलेले टोनला. टोनचा कपॅसिटर २२३ छापलेला, म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड.

पैसे देण्याआधी मापं घ्या. आशियाई बनावटीच्या गिटारींत पॉटचं भोक बहुधा ८ मिमीचं असतं, अमेरिकन पॉटला ९.५ लागतं. भोक वाढवायचंच असेल तर रीमरने, हाताने, सावकाश. वरची फळी बहुधा प्लायची असते, ड्रिल लावलं की कडेचा पापुद्रा उडालाच. मी तर १६ मिमी व्यासाचे छोटे पॉटच घेतो. २४ मिमीचा मोठा पॉट एफ होलमधून जाता जात नाही.

जुनं काढण्याआधी पुठ्ठ्यावर भोकांची जागा आखून घ्या आणि नवी वायरिंग त्या पुठ्ठ्यावरच पुरी करा. आता प्रत्येक भोकातून एक मऊ नळी आत सोडायची, एफ होलमधून तिचं टोक बाहेर ओढायचं, ते पॉटच्या दांडीवर घट्ट चढवायचं आणि वरून हळूहळू खेचायचं. दांडी आपसूक भोकातून वर येते. ठिबकची काळी नळी घरोघरी पडलेली असते, पण ती कडक, या कामाची नाही. माशांच्या टाकीत हवा सोडायची पारदर्शक नळी आणा. जॅकसाठी दोरा पुरतो.

तारा चढवण्याआधी अॅम्प लावून पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा. आवाज आला म्हणजे जोडणी ठीक. मग तारा चढवा. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली पाहिजे. काहीच फरक पडला नाही, तर घोडीकडे जाणारी अर्थची वायर आत सुटून राहिली आहे. हाताला झिणझिण्या आल्या तर मात्र गिटार लगेच खाली ठेवा आणि आधी अॅम्प आणि मंडपातल्या बोर्डाचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.