जुन्या बुलेटला नव्या मुठी

जुनी बुलेट सांभाळणे म्हणजे घरातला तऱ्हेवाईक काका सांभाळणे! तिच्या मुठी झिजल्या, की बाजारातून नवी जोडी आणावी. पण दोन्ही मुठी सारख्या समजू नयेत. डावी बसते ७/८ इंची, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटरच्या हँडलवर. उजवी फिरत्या थ्रॉटलच्या नळीवर, म्हणून तिचे भोक मोठे. बसवताना तेल लावण्याचा मोह होतो. तेल वाळत नाही, आणि ऐन पावसात मूठ हातातच फिरते! चार थेंब स्पिरिट पुरे; ते उडून जाते नि रबर घट्ट धरते. रात्रभर गाडी काढू नये. सकाळी, इंजिन बंद असतानाच, हँडल दोन्हीकडे वळवून थ्रॉटल पिळून सोडावा. तो आपणहून झटकन मागे आला पाहिजे. मूठ आतून घासत असेल, तर किंचित बाहेर ओढावी. तोवर सौभाग्यवतींना मागे बसवू नये.